वाड्या मोडून गावठाण करा म्हणे!

खाचरातला: ‘विखुरलेल्या वाड्यांमुळेच कोकण मागे राहिलं, घाटावरच्यासारखं एकच गावठाण करा, नळ-वीज-रस्ता स्वस्तात येईल’ ही कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. घाटावर पांढरी (घरांची जागा) वेगळी, काळी (शेतजमीन) वेगळी. इथे पायरीखालीच खाचर (भातशेत), वर वरकस (उतारावरची हलकी जमीन), बाजूला पऱ्या (ओढा). घर हलवलं तर शेती कोण राखणार, माकडं आणि डुक्करं?

डीपीवाला: कविता पुरे. एका डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) दोन किलोमीटर एलटी (घरगुती दाबाची लाइन) ओढली की शेवटच्या घरात २३० चे १७० व्होल्ट होतात. भार तोच, दाब कमी, मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग जळतं. गावठाणात हे काम ३०० मीटरमध्ये भागतं.

खाचरातला: मग ११ केव्हीची उच्चदाब लाइन वाडीपर्यंत न्या आणि तिथे २५ केव्हीएची छोटी डीपी बसवा. दोष आराखड्याचा, शिक्षा वाडीला?

डीपीवाला: न्या की! त्या लाइनीखालची झाडं दरवर्षी कोण तोडणार? आंब्याच्या कलमाच्या फांदीला हात लावला की मालक कोयता घेऊन येतो.

चाकरमानी_७४१: वीज राहू द्या. लांबच्या राजापूर रोड स्टेशनला उतरून राजापूर गाव गाठून दाखवा आधी. १९९८ पासून रेल्वे आहे, उपयोग रिक्षावाल्यांना.

वॉल्व्हमन: रेल्वे कुठून आली मध्येच? नळाचं बोला. माणशी रोज ५५ लिटर कागदावर ठीक. टाकी सड्यावर (वरच्या कातळपठारावर), खालची वाडी ८० मीटर खाली, म्हणजे बंद वॉल्व्हमागे चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाब. तिथे ६ किलोचा पाइप घातला तर फुटणारच. मध्ये ४० मीटरवर दाब तोडायची टाकी हवी, तिचा फ्लोट वॉल्व्ह दर महिन्याला साफ हवा. शिवाय प्रत्येक वाडीला स्वतंत्र वॉल्व्ह आणि पाळी लावा, नाहीतर खालची वाडी सगळं पाणी ओढते आणि वरच्या नळातून नुसती हवा. चर तर कोणी खणतच नाही. जांभा दगड लागला की काळा प्लास्टिकचा पाइप उघड्यावर टाकतात आणि फेब्रुवारीच्या वणव्यात तो वितळतो.

डीपीवाला: म्हणजे विखुरल्यामुळे खर्च वाढतो हे तुम्हीच सिद्ध केलंत. आभारी आहे.

वॉल्व्हमन: वाढतो, नाही कुठे म्हटलं? पण गावठाण केलं तरी एप्रिलात उद्भवाची, म्हणजे योजनेला पाणी देणारी, विहीर आटतेच. तीन हजार मिलिमीटर पाऊस जांभ्यातून झिरपून समुद्रात जातो. एका जागी ४०० घरं आणलीत तर तेवढं पाणी देणारा एक झरा दाखवा. वाड्या विखुरल्यात कारण झरे विखुरलेत.

डीपीवाला: झऱ्याचं मान्य. विजेचं नाही.

खाचरातला: निम्मं तरी पचलं! आता त्या कलमवाल्याला तुम्हीच समजवा, कोयता मी धरतो.