पन्हाळा तालुक्यात शेतात युर्ट उभारून बारमाही राहायचंय: परवानगी कुठली आणि कुणाची?

गोलघर४४
नमस्कार मंडळी. पन्हाळा तालुक्यात वाघबीळच्या पुढं ४४ गुंठे जिरायत जमीन आहे, एकच गट. सातबारा वडील आणि चुलत्यांच्या नावावर सामाईक. तिथं २० फूट (६ मीटर) व्यासाचा युर्ट, म्हणजे मंगोलियातलं ते गोल तंबूघर, उभारून दोघांना कायम राहायचंय. विक्रेता म्हणतो, पाया नाही, उचलून नेता येतं, म्हणजे हे बांधकामच नव्हे. परवानगीचा प्रश्नच येत नाही. गावात विचारलं तर म्हणाले, घरपट्टी लावून घ्या, झालं. दोन्ही ऐकून पोटात गोळा आलाय. वीज आणि संडास-बाथरूमही लागणार. जाणकारांनी सांगावं.

जोता_ते_भोगवटा
पोटात गोळा आला ते बरंच झालं. दोघंही अर्धवट सांगतायत.

एमआरटीपी कायदा १९६६, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, त्याचं कलम २(७) बघा. 'विकास' या शब्दात बांधकाम तर येतंच, पण जमिनीच्या वापरातला ठळक बदलही येतो. जिथं भुईमूग होता तिथं संसार थाटला की वापर बदलला. छप्पर कापडाचं की स्लॅबचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरं, २ डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत नियमावली (यूडीसीपीआर). तिच्यात कुठल्याही साहित्याची, कुठल्याही कारणासाठी उभारलेली रचना इमारत ठरते. तंबू, शामियाना, ताडपत्रीचा निवारा यांना वगळलंय खरं, पण तात्पुरत्या आणि समारंभाच्या कामापुरतं. विक्रेते नेमका 'तंबू' एवढाच शब्द वाचून दाखवतात आणि वाक्याचा उरलेला भाग गिळतात. लग्नाचा मांडव त्यात बसतो. चूल, मोरी, मीटर असलेलं घर बसत नाही.

घरपट्टीचं म्हणाल तर नमुना ८ वर (पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत) नाव लागणं ही कर आकारणी आहे. बेकायदा घरालाही घरपट्टी लागते. ग्रामपंचायत अधिनियम १९५९ च्या कलम ५२ खाली पंचायतीचा बांधकाम परवानगीचा अधिकार गावठाणापुरता आहे आणि तुमचा गट गावठाणाबाहेर. विनापरवाना काम केलं तर एमआरटीपी कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार दंड आहे, कलम ५३ खाली काढून टाकायची नोटीस वेगळी. कापडाचं घर पाडायला तर जेसीबीही लागत नाही.

तुमच्यासाठी वाट आहे ती शेतघराची. महसूल संहितेच्या कलम २(९) मध्ये शेतावरची इमारत म्हणजे काय ते दिलंय: अवजारं, खत, वैरण, धान्य, जनावरं आणि जमीनधारकाच्या कुटुंबाचं राहणं. कलम ४१ ची मापं डोळ्यासमोर ठेवा. ०.४ हेक्टरपेक्षा कमी धारणा असेल तर परवानगी नाही, ०.४ ते ०.६ हेक्टरमध्ये सगळ्या इमारती मिळून जोत्याचं क्षेत्र १५० चौ.मी.पर्यंत, एकच मजला, जोत्यापासून उंची ५ मीटरच्या आत. ४४ गुंठे म्हणजे सुमारे ०.४४५ हेक्टर. ६ मीटरच्या युर्टचं क्षेत्र २८.३ चौ.मी. क्षेत्राची अडचण नाही.

सातबारा_उतारा
वरच्या उत्तरात एक जोडतो, कारण इथंच लोक घसरतात. सातबारा सामाईक आहे म्हटल्यावर कुणीतरी सांगणार, 'आधी वाटणी करून घे, मग अर्ज कर.' तसं करू नका! ४४ चे २२-२२ गुंठे झाले की दोन्ही हिस्से ०.४ हेक्टरच्या खाली आणि शेतघराची वाट दोघांनाही बंद. सामाईकच ठेवा आणि चुलत्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र जोडा. त्यात 'शेतघर', गट नंबर, जागेचा नकाशातला कोपरा आणि चौरस मीटर स्पष्ट लिहा. 'माझी हरकत नाही' एवढ्या मोघम कागदावर त्रुटी निघतेच.

अर्जाआधी सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. वनसंज्ञा (वनजमिनीची नोंद), पुनर्वसनाचा शेरा, भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर मिळालेली जमीन), यातलं काही असेल तर तो गुंता आधी सोडवायचा. मग नगररचनेकडून झोन दाखला, म्हणजे जमीन कुठल्या वापर-विभागात येते त्याचा कागद. तो 'शेती विभाग' असा आला पाहिजे. मग भूमी अभिलेखची मोजणी, हद्दीच्या खुणांसह 'क' प्रत (मोजणीचा नकाशा). ही पावसाच्या आधी उरका. शेतात चिखल असताना मोजणीची तारीख पुढं पुढं जाते.

तुमचा तालुका पन्हाळा, त्यामुळं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडं जायचं कारण नाही. २०१७ चं ते प्राधिकरण करवीर आणि हातकणंगल्यातल्या ४२ गावांसाठी. तुमचा अर्ज प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातला, एमआरटीपी कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं, नगररचनेच्या अभिप्रायासह. गड आणि गावाची हद्द नगरपरिषदेची, ते वेगळं प्रकरण. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बंदी आणि पुढं २०० मीटर पुरातत्त्वची परवानगी, हा नियमही गडावरच्यांनी बघायचा, वाघबीळकडच्यांनी नव्हे.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचनेचं कुणी भय घातलं तर तिच्यातली बांधकामबंदी २०,००० चौ.मी. आणि वरच्या प्रकल्पांसाठी आहे. तुमच्या २८ चौ.मी.साठी नव्हे.

गोलघर४४
वाटणीचा अर्ज उद्याच टाकणार होतो! अजून दोन शंका. ३,२०० चौरस फुटांपर्यंत परवानगी लागत नाही असं ऐकलंय, ते आम्हाला लागू नाही का? आणि गावठाणापासून २०० मीटरचा काय नियम आहे?

जोता_ते_भोगवटा
३,२०० फुटांची घोषणा जानेवारी २०२१ ची, ग्रामविकास खात्याची. मूळ यूडीसीपीआरमधलं. तिथं आकडा १५० आणि ३०० चौ.मी. असा आहे आणि तो भूखंडाचा आहे, घराचा नव्हे. ३०० चौ.मी. म्हणजे ३,२२९ चौ. फूट. १५० च्या आत वास्तुविशारदाच्या दाखल्यासह कळवून काम सुरू, १५० ते ३०० मध्ये कागद-शुल्क तपासून दहा दिवसांत परवानगी. ४४ गुंठ्यांच्या शेताला हे लागू करणं म्हणजे सायकलच्या पासवर ट्रक नेण्यासारखं.

२०० मीटरचं म्हणजे महसूल संहितेचं कलम ४२-ड. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरमधली जमीन रूपांतरण कर भरून निवासी वापराला वर्ग झाली असं मानण्याची तरतूद त्यात केली होती. पण तिथंही बांधकाम परवानगी लागतेच, फक्त अकृषिकचा फेरा वाचतो. अकृषिकची कलमं गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा बदललीत की बाजारात मिळणाऱ्या जुन्या पुस्तकावर विसंबू नका. अर्जाच्या दिवशीची दुरुस्ती बघा.

आता नकाशा. त्यावर 'युर्ट' हा शब्द लिहू नका. टेबलावरचा माणूस त्याचा अर्थ शोधत बसेल आणि फाईल खाली जाईल. 'गोलाकार एकमजली शेतघर, जांभ्याचा जोता, पोलादी सांगाडा, पीव्हीसी आच्छादन' असं लिहा. यात खोटं काही नाही.

उंचीत हमखास घोळ होतो. राष्ट्रीय इमारत संहितेत उतरत्या छपराच्या खोलीची सरासरी उंची २.७५ मी. आणि वळचणीला किमान २.१ मी. हवी. आयते युर्ट २.१ च्या भिंतीचे येतात. ३० अंशांच्या छपराला मध्यात १.७३ मी. चढ मिळतो. विक्रेता कडेची आणि मधली उंची मिळवून दोनानं भागतो आणि २.९७ सांगतो. पण शंकूची सरासरी तशी निघत नाही, चढाचा तिसरा हिस्साच धरायचा: २.१ + ०.५८ = २.६८. सात सेंटीमीटर कमी! भिंत २.२५ करून घ्या: सरासरी २.८३, माथा ३.९८, म्हणजे ५ मीटरच्याही आत.

खिडक्या: उष्ण-दमट हवामानाला जमिनीच्या क्षेत्राचा सहावा हिस्सा, म्हणजे ४.७ चौ.मी. माथ्यावरचं गोल तोंड (मंगोल लोक त्याला तूनो म्हणतात) त्यात धरू नका, कारण आपल्याकडं चार महिने ते बंदच राहणार. ०.९ × १.०५ मी. च्या पाच खिडक्या काढा. युर्टची जाळीसारखी भिंत खिडकीसाठी नुसती कापून चालत नाही, प्रत्येक खिडकीला वर-खाली चौकट जोडून ताण वळवावा लागतो.

शिरोली_फॅब्रिकेशन
कागदाचं झालं, आता वाऱ्याचं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागणारच, पण हिशोब तुम्हालाही कळला पाहिजे भावा, न्हाईतर इंजिनिअर एक सांगंल आणि गवंडी दुसरंच ओतंल.

आयएस ८७५ भाग ३, म्हणजे वाऱ्याच्या जोराचं भारतीय मानक. मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरा, म्हणजे ताशी १४०. दाब ०.६ × ३९ × ३९ = ९१२ न्यूटन, ढोबळ ९३ किलो प्रति चौ.मी. छपराला तेवढाच वर खेचणारा जोर धरला तर २८.३ चौ.मी. ला २.६ टन. बारा ठिकाणी बांधलं तर प्रत्येक नांगराला (घर जमिनीला धरून ठेवणाऱ्या वजनाला) २२० किलो. लोखंडी खुंट्या ठोकून भागणार न्हाई. उन्हाळ्यात त्या घट्ट बसतात, पण जुलैत माती लोण्यासारखी झाली की हातानं उपटून येतात, आणि वारा तेव्हाच असतो. ६० × ६० × ६० सेंमी काँक्रीटचा ठोकळा ५१८ किलोचा होतो, तो पुरतो.

पण प्लॉट कड्यावर किंवा सोंडेवर असंल तर थांबा. तिथं वाऱ्याच्या वेगाला १.३६ पर्यंत गुणक लागतो आणि वेगाचा वर्ग होत असल्यानं जोर १.८५ पट. नांगराला ४०५ किलो आले. मग ७० सेंमीचा ठोकळा घ्या, ८२० किलो.

छपराचे वासे ३६, वळचणीला अंतर ५२ सेंमी. सगळे वासे भिंतीला बाहेर ढकलतात, ते अडवते फक्त वळचणीची वायररोप. ८ मिमी जीआय घ्या, टोकाला तीन क्लिप, आणि यू-बोल्ट कायम दोराच्या मोकळ्या टोकावर, ताणाच्या बाजूला न्हाई. उलटी बसवलेली क्लिप दोर चिरडते आणि पहिल्याच वादळात भिंत फाकते. दर पावसाळ्याआधी ताण तपासायचा.

आच्छादन ६५० ते ९०० ग्रॅमचं पीव्हीसी. ३० सेंमी वळचण धरून छपराला निव्वळ ४० चौ.मी., शिलाई-कात्रणासह ४८ मागवा. लोकरीचा नमदा मंगोलियाच्या कोरड्या थंडीसाठी उत्तम. आपल्याकडं पहिल्या श्रावणात बुरशी. त्याऐवजी आत फॉइल-फोम आणि कापड, मध्ये ५ सेंमी हवा खेळती. तरी तूनोच्या कडेला घाम धरतोच, तिथं जाळीचा झरोका ठेवा.

पाणी: ३.३ मीटर त्रिज्येच्या छपरावर १०० मिमी पाऊस म्हणजे ३,४२० लिटर, सगळं घराभोवती. गोल वळचणीला पन्हाळी नीट बसत न्हाई (पन्हाळ्यात राहून हे ऐकायला लागतंय!), म्हणून जमिनीतच ३० × ३० सेंमीची खडी भरलेली गोल चर काढून उताराला सोडा. जोता भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंमी वर.

चिखलीकर
मध्येच विचारतो. आमची जागा प्रयाग चिखलीच्या बाजूला, नदीकडं. पूर आला की युर्ट गुंडाळून न्यायचा, मग परवानगीत सूट मिळेल का?

सातबारा_उतारा
नाही. निळ्या पूररेषेच्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या; लाल रेषा मोठ्या पुराची) आत बांधकाम नाहीच, गुंडाळण्याजोगं असो वा नसो. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर न्यावी लागते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं. तुमच्याकडं तेवढ्या उंचीवर युर्ट न्यायचा तर आधी गच्ची बांधावी लागेल. शिवाय ६ मीटरचा युर्ट आवरायला चार माणसांचा दिवस जातो, आणि रस्ता त्याआधी बंद होतो.

जोता_ते_भोगवटा
संडास-बाथरूम युर्टच्या आत घेऊ नका. ओल, नळाची भोकं आणि कापड यांचं जमत नाही. बाजूला जांभ्यात २ × ३ मी. ची पक्की मोरी-संडासाची खोली काढा, नकाशात एकत्रच दाखवा. स्वयंपाकाचा ओटा त्याच भिंतीला लागून, सिलिंडर बाहेर. आयएस २४७० (सेप्टिक टाकीचं भारतीय मानक) प्रमाणे पाच माणसांची सेप्टिक टाकी १.५ × ०.७५ मी., पाण्याची खोली १ मी. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मी. आणि घरापासून ६ मी. लांब. जांभ्याच्या भेगांतून पाणी फार लवकर पुढं जातं, त्यामुळं १८ पेक्षा जास्त मिळत असेल तर सोडू नका.

वीज: शेतीपंपाच्या मीटरवरून घराला वायर ओढू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर. घरगुती जोडणीला परवानगीची प्रत लावा.

अर्ज दिल्यावर ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर मानीव परवानगी, म्हणजे परवानगी मिळाली असंच धरायचं, असं सांगणारे भेटतील. ती नकाशा नियमांत तंतोतंत बसला असेल तरच. भिंत २.१ ची ठेवून मानीव परवानगीवर गेलात तर हातात काहीच नाही. परवानगी आली की एक वर्षाची मुदत धरून चाला. जोता झाला की तपासणीचं पत्र द्या आणि ती झाल्याशिवाय सांगाडा उभा करू नका. शेवटी भोगवटा दाखला घ्या.

गोलघर४४
चुलत्यांशी बोललो, संमतीपत्र देतायत. मोजणीचा अर्ज आधी टाकतो. युर्टची ऑर्डर थांबवलीय, विक्रेत्याला २.२५ ची भिंत आणि पाच खिडक्यांच्या चौकटींचा भाव विचारलाय.

शिरोली_फॅब्रिकेशन
भावाबरोबर वाश्यांच्या पाइपची जाडी आणि तूनोच्या कड्याचं वेल्डिंग ड्रॉइंगही मागा. ते दिल्याशिवाय इंजिनिअर सही करणार न्हाई.