सव्वातीन वर्षांची लेक जेवतच नाही, आणि आम्हाला वेळ नाही. तुम्ही काय करता?

पिल्लूची_आई:
आम्ही दोघंही नोकरीवाले, घरी पोचेपर्यंत सात वाजतात आणि मग पुढचा पाऊण तास नुसतं युद्ध. घास गालात धरून बसते, खारुताईसारखी, वीस-वीस मिनिटं, गिळतही नाही नि थुंकतही नाही. काल मटारचा एकेक दाणा उचलून ताटाच्या कडेला ओळीत लावला, बोटाने मोजला आणि "झालं" म्हणून उठली. शेवटी मोबाईल लावून भरवते, मग जातं निमूट पोटात. वर्षाची असताना सगळं खायची हो! डॉक्टर म्हणतात वजन-उंची छान आहे, पण मला काही पटत नाही. दूध मात्र मागून मागून पिते, त्यावरच जगतेय म्हणा ना. भुकेचं एखादं टॉनिक द्यावं का?

अर्धवट_झोप:
टॉनिक राहू दे, आधी दूध किती ते सांग. आमच्याकडे हाच घोळ होता, लेक बाटलीने दिवसाला लिटरभर प्यायचा आणि आम्ही खूश की निदान दूध तरी जातंय. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी! दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर पोट भरलेलं, मग तो जेवणार कशाला. डॉक्टरांनी अर्ध्या लिटरवर आणायला सांगितलं, बाटली बंद करून कपात. चार दिवस थयथयाट, शेजारी ऐकत होते. पाचव्या दिवशी स्वतःहून अंडं मागितलं.

थोरली_आजी:
अगं, वर्षाची असताना खायची तेवढं आता खाणारच नाही. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्यात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, पुढे त्याहून हळू. वाढ मंदावली की भूकही कमी. शिवाय दोन वर्षांनंतर नव्या पदार्थाकडे संशयाने बघायचं वयच असतं ते. घाबरू नकोस. घास अडकून ठसके लागत असतील, उलट्या होत असतील किंवा वजन उतरलं तर मात्र परत डॉक्टरांकडे जा.

किचनमधला_बाबा:
आजींना अनुमोदन. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाई आहेत, त्यांचं सूत्र आम्ही फ्रिजवर चिकटवलंय: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे पोराने. ऐकायला सोपं आहे, पण पोर दोन घासांत उठतं आणि तुम्ही गप्प बसायचं असतं, तिथे माझी वाट लागली होती. आणि सात वाजेपर्यंत थांबवू नका, तोवर पोर दमून चिडचिडं होतं. आमच्याकडे खरं जेवण सहालाच होतं, आम्ही आलो की ती आमच्या शेजारी बसून आमच्या ताटातलं चिवडते, तेवढं पुरतं. रविवारी फळभाज्या चिरून उकडून डब्यांत भरायच्या, अंडी उकडून ठेवायची, म्हणजे आल्या आल्या हाताशी काहीतरी असतं आणि बिस्किटाचा पुडा फुटत नाही. द्राक्षं मात्र उभी चिरूनच द्या, अख्खे बदाम-शेंगदाणे नकोच, घशात अडकतात.

आणि ती लपवाछपवी करू नका प्लीज. मी गाजर बारीक किसून ऑम्लेटमध्ये घातलं, पकडलं गेलं, आता ऑम्लेटही खात नाही.

टवाळ_मावशी:
माझा नवरा छत्तीसचा आहे, अजून भोपळ्याचे तुकडे ताटाच्या कडेला ओळीत लावतो. टॉनिक मिळालं तर मलाही कळव.

पिल्लूची_आई:
मावशी 😂
आज मोजलं. अडीचशेच्या तीन बाटल्या, म्हणजे पाऊण लिटर, शिवाय आम्ही येईपर्यंत "रडू नये म्हणून" साडेसहाला दोन बिस्किटं. म्हणजे भूक आम्हीच मारतोय. सासूबाईंना कसं सांगू हा वेगळाच धागा काढावा लागेल. पण मोबाईल कसा सोडवू?

अर्धवट_झोप:
एकदम सगळं नको, आधी दूध, मग मोबाईल. आम्ही एकाच जेवणापासून सुरू केलं. आमचेही फोन दुसऱ्या खोलीत, हे जास्त कठीण गेलं. पहिल्या रात्री तीन घास खाऊन उठला, मी बायकोचा हात धरून ठेवला होता. सकाळी मात्र दणकून खाल्लं त्याने. एका जेवणाचा हिशोब करू नकोस, आठवड्याचा बघ. आणि नवी भाजी एकदा नाकारली म्हणून बाद करू नकोस, दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते कधीकधी. चाटलं, हुंगलं तरी ती वेळ धरायची.

पिल्लूची_आई:
नऊ दिवस झाले. दूध दोन कपांवर आलं, रात्रीचा मोबाईल बंद, दुपारचा चालू आहे (सासूबाई ऐकत नाहीत, बघू). घास गालात धरणं कमी झालंय, कारण भरवत नाही, स्वतःच्या हाताने खाते, अर्धं खाली सांडतं. काल एक मटार उचलला, चाटला आणि परत ओळीत नेऊन ठेवला. हा पंधरातला पहिला धरायचा ना?