‘तिसरे जग’: तिसरा क्रमांक कुणी दिला?

प्रश्न: गरीब देशांना ‘तिसरे जग’ का म्हणतात? पहिली दोन कोणती?

उत्तर: हा गुणवत्तेचा क्रमांक नाहीच. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेड सोवी यांनी १४ ऑगस्ट १९५२च्या लेखात ‘तिएर माँद’ (तिसरे जग) म्हटलं, ते क्रांतिपूर्व फ्रान्समधल्या ‘तिएर एता’ (तिसरा वर्ग) यावरून. म्हणजे धर्मगुरू आणि सरदार वगळून उरलेली, संख्येने प्रचंड पण सत्तेबाहेरची रयत. किती नेमकी उपमा!

आता पहिली दोन जगं: शीतयुद्धात पहिलं अमेरिकेच्या गोटाचं, दुसरं सोव्हिएत गोटाचं; दोन्हींत नसलेलं ते तिसरं. गरिबीचा अर्थ पुढे चिकटला.

प्रश्न: मग माझ्या लेखात ‘तिसरे जग’ऐवजी काय लिहू?

उत्तर: जागतिक बँकेचे दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरचे चार गट वापरा. यादी दर १ जुलैला बदलते, त्यामुळे वर्ष न लिहिल्यास घोळ होतो. भारत ‘निम्न-मध्यम’ गटात येतो, ‘कमी उत्पन्न’ गटात नाही. इथे बरेच जण चुकतात.