पिंगुळीची जुनी चित्रं काचेआड हवीत की उघडी?

चिरेबंदी: सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेतल्या, जुन्या पोथ्यांतली चित्रं कोकणातल्या संग्रहालयांनी काचेआडच लावावीत. १९५६ साली मोनालिसावर दगड मारला, काच फुटली तरी डाव्या कोपराजवळचा रंगाचा टवकाच काय तो उडाला. २०२२ मध्ये लंडनला व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर टोमॅटो सूप ओतलं. काच होती म्हणून चित्र वाचलं. आपल्याकडे ओली बोटं, खारा वारा आणि कसर तर रोजचीच.

खारवारा: अजिबात पटत नाही. आषाढात इथली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते आणि ६५-७०च्या वर बुरशी धरते. रात्री काच गार पडली की आतली ओल तिच्यावर दव धरते. कागद काचेला टेकलेला असला तर रंग चिकटतो आणि फ्रेम उघडताना काचेबरोबर सुटून येतो. त्यातून ही चित्रं कथा सांगणाऱ्याने हातात धरून दाखवायची. सपाट खणात ठेवा, तीन महिने मांडा, परत खणात.

चिरेबंदी: हा दोष काचेचा नाही, बांधणीचा. काच आणि चित्रात निदान ५ मिमी फट हवी, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि पाठीचा बोर्ड आम्लरहित हवा. प्लायवूड, हार्डबोर्ड, रद्दी पेपर पाठीला लावला की कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. सगळ्यात मोठी चूक वेळेची: कागद हवेतली ओल शोषून घेतो, श्रावणात बंद केलेली फ्रेम ती ओल पोटात घेऊनच बंद होते. हे काम माघात करा, कागद आधी काही दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवून. आणि पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीवर फ्रेम नकोच, ती पावसात झिरपते. आतल्या भिंतीवर, मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून, हवा खेळेल अशी टांगा.

पोफळी: काच कुठली तेही बघा. ॲक्रिलिक हलकं आणि न फुटणारं, पण स्थिर वीज धरतं, भुकटी सुटलेला रंग ओढून घेतं. जुन्या चित्रांना लॅमिनेटेड काचच बरी. साध्या काचेत सुमारे ८ टक्के उजेड परततो, चित्राऐवजी खिडकीच दिसते. परावर्तनरोधक काचेत १ टक्क्याच्या आसपास.

खारवारा: बांधणीचं मान्य. पण फिरती मांडणी सोडायला मी तयार नाही. अतिनील किरण अडवणारी काच लावली तरी दिसणारा उजेड आत जातोच, ५० लक्स (उजेडाचं माप) इतक्या मंद उजेडातही रंग हळूहळू उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. शिवाय दर दिवाळीनंतर फ्रेम खाली काढून पाठ कोण तपासणार, ते नाव आधी ठरवा.