पॅच: ठिगळ, रफू की नुसता पॅच?

बाळीवेस
लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपल्या सर्किट बोर्डासाठी स्वतः कसं बिल्ड करायचं, यावर डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. मूळ कोड उतरवायचा, लागणारे पॅच, म्हणजे त्या कोडात करायच्या बदलांच्या फाइली, क्रमाने चढवायचे, मग कंपाइल, म्हणजे कोडाचं यंत्राला चालेल असं रूप करायचं. 'पॅच'ला मी 'ठिगळ' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. तिची उमर मागावर गेली. ती म्हणाली, "ठिगळ वरून बसतं, खालचं फाटकं तसंच राहतं. तू तर जुन्या ओळी काढून नव्या घालतोस. याला रफू म्हणतात." तेव्हापासून अडलोय.
दुसरा प्रश्न: एका पॅचमध्ये वेगवेगळ्या जागच्या बदलांचे जे तुकडे असतात त्यांना 'हंक' म्हणतात. 'हंक २ फेल्ड' असं आलं की मुलं थांबतात. हंकला काय म्हणू?

सूतगिरणी
आईंचं शंभर टक्के बरोबर. रफूवाला भोकाच्या कडेचे शाबूत धागे धरून विणतो. पॅचही बदलाच्या वरच्या आणि खालच्या, साधारण तीन-तीन, न बदललेल्या ओळी सोबत आणतो आणि त्यांवरून जागा ओळखतो. कोड मधे वाढला, ओळींचे आकडे सरकले, तरी शेजार जुळला की काम होतं. शेजारच बदललेला असला तर तो तुकडा नाकारला जातो आणि वेगळ्या फाइलीत पडतो. ठिगळाला असा शेजार लागत नाही.

मराठीप्रेमी
रफू फारसी आहे. घरात 'ठिगळ' असताना उसना शब्द कशाला? ठिगळ नको असेल तर 'डागडुजी' घ्या.

सूतगिरणी
मग 'दुकान', 'कागद', 'शाई' हेही सोडावे लागतील. रफू सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालतंय, ते आता आमचंच आहे.

कन्ना चौक
मी ठिगळाच्या बाजूने. वडील चादरीच्या जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची, कार्डं पंच करायचे. भोक चुकीच्या जागी पडलं की त्यावर कागद चिकटवायचे, नाहीतर नक्षीत एक धागा भलतीकडे उचलला जायचा. कॉम्प्युटरचा पॅच नेमका इथूनच आलाय. हार्वर्ड मार्क १ या १९४४ च्या कॉम्प्युटरच्या, प्रोग्रामची भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चुकीची भोकं अशीच चिकटवून बुजवलेली दिसतात. ती खरीखुरी ठिगळं होती. अर्थ पुढे बदलला म्हणून नाव का बदलायचं?

विजापूर रोड
एक मुद्दा सगळ्यांकडून सुटतोय. रफू आणि डागडुजी या क्रिया आहेत. पॅच ही वस्तू आहे, एक फाइल. कर्नलवाले ती एकमेकांना मेलने पाठवतात. "तुला रफू पाठवतो" असं कोण म्हणेल? ठिगळ हातात धरता येतं. शिवाय पॅच उलटाही चालवता येतो, सगळं पूर्वीसारखं होतं. ठिगळ उसवता येतं. चांगलं रफू उसवायला गेलात तर कापडच जाईल.

बाळीवेस
'उसवणे' फार आवडलं! पॅच मागे घेण्यासाठी तेच लिहितो. आणि हंकचं?

अक्कलकोटकर
आमच्या घरी कानडीत 'तेपे' म्हणतात. 'तेपे हाकु' म्हणजे ठिगळ लावणं. आजीच्या वाकळीला इतके तेपे होते की मूळ लुगडं कुठलं ते कळायचं नाही.

साखर पेठ
तेलुगूत 'अतुकु'. ठिगळही तेच, सांधाही तेच. ठिगळाठिगळांच्या गोधडीला 'अतुकुल बोंत' म्हणतात. आमच्या गल्लीत मराठी बोलतानासुद्धा "अतुकु मार" चालतं. मला तर हा शब्द पॅचला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तुकडा आणि जोड दोन्ही त्यात आले.

मराठीप्रेमी
मराठी टिपणात कानडी-तेलुगू कसं चालेल?

साखर पेठ
वर्गातली निम्मी पोरं घरी तेच बोलत असतील तर का चालू नये? सोलापूरच्या मराठीला दोन्हीकडची माणसं आहेत, दादा. तिला त्यांच्यापासून तोडू नका.

टिळक चौक
मी रोज हेच काम करते. ऑफिसात सगळे "पॅच मारला का?" विचारतात. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये जो प्रोग्राम लिहिला त्याचं नावच 'पॅच', कमांड तशीच टाइप करायची, चूक शोधायची तीही त्याच शब्दाने. मुलांना ठिगळ शिकवलंत तर पहिल्या एररला ती एकटी पडतील. 'पॅच' ठेवा, क्रियापदं मराठी घ्या: लावणे, चढवणे, उसवणे. आणि खरा लावायच्या आधी कोरडी चाचणी घ्यायला शिकवा. तिच्यात काही न बदलता कुठले तुकडे बसणार नाहीत ते आधीच कळतं.

कन्ना चौक
ताई, "मारला" नको. ठिगळ 'लावतात'.

साखर पेठ
आमच्यात मारतातच.

मराठीप्रेमी
आमच्या आजोळी 'थिगळ' म्हणायचे, ठ नाही. कुणी ऐकलंय?

अक्कलकोटकर
मी ऐकलंय. आजी 'थिगाळ' म्हणायची, आणि फक्त वाकळीचं. सदऱ्याला लावलं की 'जोड'.

बाळीवेस
आईला सगळं वाचून दाखवलं. ठिगळ उसवता येतं हे तिला पटलं, पण पॅचला ठिगळ म्हणायला अजून तयार नाही. हंकपुढे तूर्त 'तुकडा' लिहून ठेवलंय, पेन्सिलीने.

सूतगिरणी
आईंना विचारा, मागावर तुटलेला धागा जोडण्याला त्या काय म्हणायच्या?