शिरपाव म्हणजे नेमके काय?

‘शिरपाव’ आणि ‘शिरपेच’ हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी सर्रास येतात. शिरपाव म्हणजे पगडी, की पगडीवरचा दागिना?

– दोन्ही नव्हे. मूळ फारसी शब्द ‘सरापा’, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत. मराठीत ‘सर’चे शिर झाले आणि ‘पा’चा पाव. दरबारातून मिळणारा अख्खा पोशाख तो शिरपाव: पागोटे, शेला, किनखाप (जरीचे रेशमी कापड) वगैरे. किती नग द्यायचे ते माणसाच्या दर्जावर ठरे. शिरपेच हा पागोट्यावर बांधायचा दागिना. तुरा खोवायचा तो शिरपेचात, शिरपावात नाही.

– मोगल दरबारातली ‘खिलत’ हीच. त्या अरबी शब्दाच्या मुळाशी ‘अंगातून उतरवणे’ हा अर्थ आहे. धन्याने स्वतःच्या अंगावरचे वस्त्र काढून चाकराला द्यायचे, ही मूळ कल्पना. म्हणूनच ते अंगावर घेणे म्हणजे चाकरी कबूल करणे. १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात शहजादे, वजीर जाफरखान, सरदार जसवंतसिंह यांना खिलती मिळाल्या, शिवाजी महाराजांना मिळाली नाही. महाराज संतापून बाजूला गेल्यावर त्यांच्यासाठी खिलत आणली, तेव्हा त्यांनी ती घालायला साफ नकार दिला. तो नकार नुसत्या कापडाला नव्हता, हे शब्द नीट कळला की लख्ख दिसते.

– मराठी दरबारात यासाठी साधा शब्द होता, ‘वस्त्रे’. पेशवाईची वस्त्रे छत्रपतींकडूनच यायची. १७२० मध्ये शाहू महाराजांनी बाजीरावांना दिली. १७७४ मध्ये सवाई माधवरावांसाठी ती साताऱ्याहून पुरंदरावर आली, तेव्हा पेशवे अवघे चाळीस दिवसांचे होते! ते तान्हे मूल काय नेसणार? पण वस्त्रे आली, आणि पेशवाई कोणाची हा प्रश्न बारभाईंच्या (रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या) बाजूने दरबारी रीतीप्रमाणे निकालात निघाला. ‘वस्त्रे झाली’ म्हणजे ‘नेमणूक झाली’, इतका तो अर्थ पक्का होता.

– सरापा वाचून आमच्याकडचा ‘भरपोशाख’ आठवला. मामेभावाच्या लग्नात थोरल्या जावयाला पटका, उपरणे, धोतर, सदऱ्याचे कापड असा भरपोशाख झाला. धाकट्याच्या हातात टॉवेल-टोपी आली, आणि तो जेवायलाच बसेना. शेवटी आतून एक धोतरजोडी आणून त्याच्या मांडीवर ठेवली, तेव्हा कुठे तो पंगतीला बसला.