भांड्यांची आवड आहे, पण आता घरात ढीग झालाय. थांबायचं कुठे?

वारजेकर_आई:
मला भांड्यांची भयंकर आवड, अगदी लहानपणापासून. पुण्याच्या बोहरी आळीत शिरले की रिकाम्या हाताने बाहेर पडतच नाही, कधी बिडाचा तवा, कधी पितळी डबा, काही ना काही येतंच. परवा ओटा आवरताना लेक म्हणाली आई मोज बरं आपल्याकडे कढया किती, मोजल्या तर अकरा! माणसं चार. तीन नॉनस्टिकच्या, कोटिंग निघालेल्या, माळ्यावर पडून. दोन ऑनलाइन सेलमधल्या, त्या घेतल्या कारण ऑफर रात्री बारापर्यंतच होती, आवडल्या म्हणून नाही, हे मला आत्ता कळतंय. लेकीला मी कायम सांगते गरज नसताना काही घेऊ नकोस, तिच्यापुढे फार ओशाळल्यासारखं झालं. आणि तांबट आळीतला मठाराचा, म्हणजे हाताने ठोके देऊन घडवलेला, तांब्याचा हंडा मात्र दोन वर्षं मनात बसलाय, धनत्रयोदशीला घ्यावा म्हणते. घेऊ का? आवड कुठली आणि हव्यास कुठला हे तुम्ही कसं ठरवता?

कसब्यातला_जुना:
ताई हंडा घ्या. तांबट आळीच्या पाठीमागेच वाढलोय मी, दिवसभर ठोक्यांचा आवाज कानावर. मठार म्हणजे नुसती नक्षी नाही, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, भांड्याला मजबुती येते. ती हाताची कामं करणारे आता थोडेच राहिलेत, आपण घेतलं नाही तर त्यांनी करायचं काय? आमच्याकडे आजीचं पितळी पातेलं आहे, काठावर तिचं नाव आणि १९५८ घातलंय, अजून सणाला त्यातच आमटी होते. तांब्या-पितळेला मोड येते, म्हणजे जुनं भांडंही वजनावर विकलं जातं, वितळवून परत भांडं होतं. फक्त एक, चिंच लावून घासायचा कंटाळा असेल तर घेऊ नका, काळा पडून कोपऱ्यात बसेल.

फुरसुंगीची_लेक:
मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. माझं माहेर पुण्याजवळचं फुरसुंगी. शहरातला कचरा वर्षानुवर्षं आमच्या शिवेवर येऊन पडला, विहिरीचं पाणी तोंडात घेववत नव्हतं, पावसाळ्यात वास असा की पाहुणे जेवायला थांबत नसत. तुम्ही लोक म्हणता टाकून दिलं, पण ते कुठेतरी जाऊन पडतंच ना, आमच्याकडे पडायचं. त्यामुळे मी वस्तू हातात घेतली की पहिला विचार हाच करते, मोडली की ही कुठे जाणार? हंड्याला उत्तर आहे, भंगारवालासुद्धा आनंदाने वजन करून घेईल. सेलमधल्या कढईला नाही. मग हंडा घ्यायचा की नाही हा प्रश्न नाहीच, त्या पाच कढया कशा आल्या हा आहे. आणि आवड म्हणून एका घरात अकरा मला तरी पटत नाही, तांब्याच्या असल्या तरी.

नाना_पेठ_रिपेअर:
माझं मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दहातले निम्मे मिक्सर नुसता कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा छोटा भाग, झिजला म्हणून येतात, शंभराच्या आतलं काम, तरी लोक विचारतात त्यापेक्षा नवीन घेऊ का. मी दुरुस्त करूनच देतो. पण हल्लीचे काही मिक्सर असे बनवतात की उघडताच येत नाहीत, पार्ट सुटा मिळत नाही, त्यात गिऱ्हाइकाची काय चूक. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राइट टु रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, कंपन्यांची दुरुस्तीची माहिती त्यावर एका जागी मिळावी म्हणून, बघून ठेवा. घेतानाच विचारा पार्ट मिळतो का, दुकानदार गप्प बसला तर समजून जा.

वारजेकर_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. फुरसुंगीच्या ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, राग कसला. आज सेलच्या दोन्ही कढया आमच्या कामवाल्या मावशींना विचारून दिल्या, त्यांच्या सुनेने वेगळं बिऱ्हाड केलंय, तिला हव्याच होत्या. नॉनस्टिकच्या तीन भंगारात. सेलचं ॲप काढून टाकलं. हंडा घेईन, पण प्लास्टिकचा पिंप बाद होईल त्या दिवशी, त्याच्याच जागी, मग धनत्रयोदशी हुकली तरी चालेल. कसब्यातले दादा, तुमच्याकडे कल्हई करणारा कोणी आहे का अजून? सासूबाईंचं पितळी पातेलं पाच वर्षं कल्हईवाचून पडलंय, त्यात आंबट काही केलं की कळकतं म्हणून मी त्याला हातच लावत नाही. आधी ते करून घेते.

कसब्यातला_जुना:
आहे, रविवारी सकाळी पातेलं घेऊन या, मी बरोबर येतो. लेकीलाही आणा, नवसागर टाकून कापसाने कथील फिरवलं की आतून कसं लख्ख होतं ते तिने बघितलं नसेल.